पिवळं मीठ

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

बर्फाच्या कारखान्यात टाकीच्या काठाशी तुम्ही उभे होता. उजव्या हातात चहाचा ग्लास, डाव्या मनगटावर घड्याळ. मुंजाजीनं तुमच्यासमोर मालकाला विचारलं, हे उरलेलं मीठ मी नेऊ का, मेंढरांना घालतो. तुम्ही ऐकलं. तुम्ही बहिरे नाहीत. कॉम्प्रेसरच्या ठोक्यात केसाएवढा फरक पडला तरी तुम्हाला ऐकू येतो, म्हणून तर मशीन बिघडली की तार करून बोलावतात तुम्हाला. तुम्ही ऐकलं आणि घड्याळात पाहिलं. गाडीला अजून पाऊण तास होता. एक शब्द बोलायला पाऊण तास लागत नाही.

तुम्ही अहवाल लिहिता. त्यात काटा कुठं होता ते असतं, तेल किती घातलं ते असतं. मेंढरं त्यात नाहीत. ती इथं आहेत. वाचा.

मुंजाजी धनगराचं गाव ताडकळसच्या अलीकडं, सडकेपासून दोन कोस आत. बहात्तरच्या दुष्काळाआधी घरची साठाच्या वर मेंढरं होती. पाऊस पडेस्तोवर अकरा उरली. धनगराची मेंढरं कुणब्याच्या वावरात मुक्कामाला बसतात, जमिनीला लेंडीखत मिळतं, कुणबी धान्य देतो. त्यावर घर चालतं. पण अकरा मेंढरं वावरात बसवून घेणार कोण? मुंजाजीचा बाप येडबा गावोगाव फिरून आला. लोक म्हणायचे, ‘आबा, एवढ्याशा लेंड्यांनी माझा बांध बी खतायचा न्हाई.’

घरी येऊन येडबा म्हणाला, ‘चाळीस झाल्याबिगर कोनी इचारनार न्हाई. तवर तू कुठं बी पोटाला लाग. एक बी मेंढरू इकायचं न्हाई, एक बी कापायचं न्हाई. मी आन् सून सांभाळताव. चाळीस भरले की ये.’

‘कवा भरतेल?’

‘ते मेंढ्यांला इचार.’

म्हाळसाबाईनं, म्हणजे मुंजाजीच्या बायकोनं, घरची घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. भोरी नावाच्या मेंढीची लोकर होती तिच्यात. ‘जत्रेला चाललाव असं समजा,’ ती म्हणाली. ‘जत्रंतून मानूस येतंयच की माघारी.’

परभणीला टेशनाच्या मागं बर्फाचा कारखाना. मुंजाजी तिथं हमाल म्हणून लागला. दुसऱ्याच दिवशी पाइपाच्या सांध्यातून अमोनिया सुटला. बाकीचे हमाल तोंडाला धोतर लावून बाहेर पळाले. मुंजाजी उभाच. डोळ्यांतून धारा लागल्या तरी उभा. मेस्त्री दत्तरावनं त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं.

‘मरायलास का रे? दम कोंडून मरतंय मानूस ह्या ग्यासनं!’

मुंजाजी खोकला, नाक पुसलं. मग म्हणाला, ‘मेस्त्री, वाड्याचा वास आला.’

‘कोन्या वाड्याचा?’

‘मेंढरांच्या. सकाळच्या पारी मेंढरं उठली की जमिनीतून असाच वास मारतोय. मुताचा. डोळे असेच झोंबतेत.’

दत्तराव हसून बेजार झाला. ‘लोकाला ह्या वासानं उलटी व्हती आन् ह्येला घर दिसायलंय!’

त्या दिवसापासून जिथं कुठं ग्यास सुटायचा तिथं मुंजाजी पहिला जायचा. दत्तरावनं त्याला गंधकाची काडी दिली. पेटलेली काडी सांध्याजवळ नेली की गळतीच्या जागी पांढरा धूर दिसतो. मुंजाजी काडी न्यायच्या आधीच नाकानं जागा सांगायचा.

दत्तराव बौद्ध. पूर्णेला रेल्वेच्या शेडात इंजिनं पुसता पुसता शिकलेला. पुस्तक नाही, कागद नाही, पण पाना हातात धरला की पाना त्याचं ऐकायचा. पहिले सहा महिने मुंजाजी त्याच्या माठातलं पाणी पीत नव्हता. तहान लागली की बाहेर नळावर जायचा. दत्तराव नुसतं पाहायचा. एक दिवस म्हणाला, ‘ज्या पान्याचा बर्फ व्हतोय त्यात माझा हात कोपरापोतर असतोय, मुंजाजी. तो बर्फ पाटलाच्या लग्नात शरबतात पडतोय. पाटील पितोय. तू कोन लागून गेलास?’ मुंजाजी खाली मान घालून बसला. मग उठला, त्याच माठात त्यानं ग्लास बुडवला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

काम असं होतं. जमिनीत लांबरुंद टाकी, टाकीत मिठाचं पाणी, त्या पाण्यात पत्र्याचे उभे डबे, डब्यांत गोडं पाणी. मिठाचं पाणी गोठत नाही, ते नुसतं थंडी वाहून डब्यांना देतं. दिवस-रात मशीन चालली की डब्यात लादी तयार होते. डबा ओढून वर काढायचा, साध्या पाण्यात बुडवून सोडवायचा, उपडा करायचा, लादी खांद्यावर घ्यायची. मुंजाजीच्या उजव्या खांद्याची कातडी चामड्यासारखी झाली होती. बोटांच्या पेरांवर बारीक गोल भोकं पडली होती, ती भरतच नव्हती. दत्तरावच्या हातालाही होती. ‘मीठ खातंय,’ एवढंच दोघं म्हणायचे आणि खोबरेल चोळायचे.

घोंगडी तो टाकीजवळच्या फळीवर ठेवायचा. बाहेर वैशाखाचं ऊन, आत दात वाजायचे. ती पांघरून बसला की आधी नाकाला लावायचा. पहिल्या साली तिच्यात भोरी होती, म्हाळसाबाईच्या चुलीचा धूर होता. दुसऱ्या साली धूर गेला. चौथ्या साली घोंगडीला नुसता अमोनिया यायला लागला. तरी तो हुंगायचा, कारण मागं कुठं तरी वाडा होताच.

दर बाजाराला गावचं कुणी तरी परभणीला यायचं आणि आकडा सांगून जायचं. एकोणीस. चोवीस. कोल्ह्यानं कोकरू नेलं, तेवीस. टाकीमागच्या भिंतीवर मुंजाजी खिळ्यानं रेघ ओढायचा, गेलं तर खोडायचा. चौथ्या उन्हाळ्यात रेघा अडतीस झाल्या आणि निरोप आला, दोन मेंढ्या गाभण हायत, पाऊस पडायच्या आत यितील.

दत्तरावनं भिंत पाहिली. ‘म्हंजी चाललास तू.’

‘जेठात.’

‘मंग माझी गंधकाची काडी कोन धरंल?’

‘तुमीच चला की मेंढरांमागं.’

‘मला बगून मेंढरं इंजिनासारखी शिट्टी मारतेल,’ दत्तराव म्हणाला आणि लगेच दुसरीकडं तोंड करून पाना पुसायला लागला.

त्याच वैशाखात मशीन बिघडली. लग्नसराई भरात होती. डबा उपडा केला की वरून बर्फ, मधी पाण्याचा गाभा. खांद्यावर घेतली की लादी फुटायची, गार पाणी पाठीवरून लंगोटापर्यंत. टांगेवाले दारात शिव्या देत उभे. कॉम्प्रेसर कण्हत होता. पट्टा जळका वास मारत होता. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचा काटा, मशीन ग्यास किती दाबते ते दाखवणारा, तांबड्या रेघेला जाऊन टेकला होता.

मालक व्यंकटराव कमरेवर हात ठेवून आला. ‘दत्तराव, इज्जत घालवता का माझी? लगनात बर्फ न्हाई म्हणून लोक माझ्या नावानं बोंबलायलेत.’

दत्तराव म्हणाला, ‘पाइपांवर पुट बसलंय मालक. ग्यास निवत न्हाई.’

मागच्या अंगणात पाइपांचा उंच पिंजरा होता. आतून तापलेला ग्यास, बाहेरून पाणी सोडलेलं. विहिरीचं पाणी जड, त्यामुळं पाइपांवर बोटभर पांढरं पुट धरलं होतं. दोन दिवस मुंजाजी आणि दत्तराव शिडीला दोरीनं बांधून घेऊन पत्र्यानं आणि तारेच्या ब्रशानं ते खरवडत होते. ऊन डोक्यावर, पाइप हाताला चटके देणारा. पुट उडून डोळ्यांत जायचं, घामात भिजून ओठांवर चुन्यासारखं लागायचं. तिसऱ्या दिवशी मशीन चालू केली. काटा तांबड्या रेघेवर.

मग दत्तरावनं व्हॉल्वची गाळणी खोलली. तेलकट काळा गाळ निघाला. धुतली, बसवली. काटा तांबड्या रेघेवर.

व्यंकटराव तुम्हाला तार करायला गेला. जाताना म्हणाला, ‘हमालांच्या हातात मशीन दिली, माझीच चुकी.’ दत्तराव मेस्त्री होता, पण हजेरीच्या वहीत त्यालाही हमालच लिहिलेलं होतं. त्यानं पट्टा उतरवला आणि पिंजऱ्यावरचं पाणी तसंच रातभर चालू ठेवलं.

उजाडताना मुंजाजी घड्याळाची काच पुसायला गेला आणि तिथंच थांबला.

‘मेस्त्री, मशीन रातभर बंद हाय न्हवं?’

‘व्हय.’

‘पाइप गार पडलेत. मी हात लावून आलो. मंग काटा खाली कामून आला न्हाई?’

दत्तरावनं दात घासायची काडी तोंडातून काढली.

मुंजाजी म्हणाला, ‘माझं येडं बोलनं म्हना. मेंढरू रातभर बांधून ठिवलं, काय खाल्लं न्हाई, तरी सकाळी डावं पोट फुगलेलं. आबा म्हनतेत, चाऱ्यानं फुगलं आसतं तर उतरलं आसतं. ज्ये उतरत न्हाई ते वारं. मेंढरानं वारं धरलंय.’

दत्तरावनं काट्याकडं पाहिलं. मग त्यानं स्वतःच्याच कपाळावर हात मारला. ‘मागल्या हप्त्यात मी पॅकिंग बदलली, मुंजाजी. कॉम्प्रेसर खोलला. आत हवा गेली, ती काढायचीच राह्यली. चुकी माझी. दोन दिस तुला उन्हात भाजलं.’

‘मेंढराचं पोट लई फुगलं तर आबा सुई टोचतेत. हितं कुठं टोचायचं?’

‘वर. हवा वरच जाऊन बसती.’

पिंजऱ्याच्या शेंड्याला एक बारीक व्हॉल्व होता. दत्तरावनं त्याला रबरी नळी लावली, नळीचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. मुंजाजीला म्हणाला, ‘तोंडाला ओलं फडकं बांध. बादलीपाशी बस आन् आयक. बुडबुडे वर आले तर हवा. ग्यास आसला तर पान्यातच मुरतोय, तडतड वाजतोय. तडतड आयकू आली की वरड.’

व्हॉल्व केसभर उघडला. बादलीतून मोठमोठे बुडबुडे आले. मुंजाजी कान लावून बसला. दत्तराव मधेच बंद करायचा, थांबायचा, पुन्हा उघडायचा. दोघांच्या डोळ्यांतून पाणी. उन्हं अंगणात आली, बुडबुडे बारीक झाले, विरळ झाले. मग बादलीत गरम तव्यावर पाणी शिंपल्यासारखी तडतड.

‘वाजलं! वाजलं मेस्त्री!’

काटा उतरला होता. दत्तराव शिडीवरून खाली आला आणि त्यानं मुंजाजीच्या पाठीत धपका घातला. ‘इंजिनियर झालास की रे मेंढक्या!’

दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीनं तुम्ही आलात. तोवर लाद्या घट्ट निघत होत्या. तुम्ही विचारलंत, ‘कोणी केलं?’ दत्तरावनं मुंजाजीकडं हात केला. तुम्ही त्याच्याकडं पाहिलंत, पायापासून वर. ‘हा? हा तर हमाल.’ आणि अहवालात लिहिलंत, यंत्रातील हवा काढून दिली. कोणी, ते लिहिलं नाहीत. असो. त्याचा हिशोब इथं मागायचा नाही.

मग तुम्ही पाण्याचा जडपणा मोजायची काचेची नळी मिठाच्या पाण्यात सोडलीत आणि म्हणालात, पाणी हलकं झालंय, पाइपांना गंजही धरलाय. टाकीच्या एका कोपऱ्यात मीठ विरघळवायची लाकडी पेटी टांगलेली असते. तुम्ही तिच्यात मिठाची पोती रिकामी करायला लावलीत. मग तुमच्या पेटीतून पत्र्याचा डबा काढलात. त्यावर इंग्रजी अक्षरं होती. तुम्ही कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवलेत, तोंडाला रुमाल बांधलात आणि डब्यातले नारिंगी खडे त्या मिठावर ओतलेत. मुंजाजीला सांगितलंत, ‘हलव.’ तो उघड्या हातानं फळीनं हलवत होता. वर उडालेलं पाणी त्याच्या भोकं पडलेल्या बोटांवर पडत होतं.

दत्तरावनं विचारलं, ‘मागल्या साली बी टाकलं व्हतं साहेब. काय हाय ते?’

‘तुम्हाला कळणार नाही. लोखंडाला गंज धरत नाही त्यानं, एवढं समजा.’

तो माणूस न शिकता तुमची मशीन चालवत होता, आणि त्याला कळणार नाही असं एका डब्यावरचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही पुन्हा नळी सोडलीत. पाणी पुरेसं जड झालं होतं. तुम्ही म्हणालात, पेटीत उरलेलं मीठ आता काढून टाका. तळाशी अर्धवट विरघळलेलं, घट्ट, पिवळंजर्द मीठ, अर्धं पोतं भरेल एवढं. मुंजाजी ते खोऱ्यानं काढायला लागला. व्यंकटराव खुशीत होता. म्हणाला, ‘मुंज्या, लेका तुझ्यामुळं लगनं निभली. काय पायजे, माग.’

मुंजाजीनं हात पुसले. ‘तीन दिसाची सुट्टी द्या मालक. अमुशाला घरी जातो. आन् हे मीठ टाकायचंच असंल तर मी नेऊ का? मेंढरांला घालतो.’

‘ने की! मीठच मागितलं येड्यानं.’

दत्तराव वाकून पोत्यात पाहत होता. ‘पिवळं दिसायलंय रे.’

‘आबा मेंढरांला मीठ द्यायचे तर हळद कालवूनच,’ मुंजाजी म्हणाला. ‘उन्हाळ्यात पोटं धरतेत म्हनून. हे बगून मला घरच्या परातीची याद आली.’

तिथं तुम्ही उभे होता, साहेब. हातात चहा. आणि तुम्ही घड्याळात पाहिलं.

एस्टीच्या टपावर पोतं टाकून मुंजाजी ताडकळसला उतरला आणि पोतं डोक्यावर घेऊन दोन कोस चालला. ऊन कललं होतं. मेंढरं ओढ्याच्या काठाला होती. भोरीनं मान वर केली. चार वर्षांनी तिनं त्याला ओळखलं की त्याच्या डोक्यावरच्या मिठाला, ते देव जाणे, पण ती पळत आली, मागं सगळी आली. अडतीस. त्यानं पोतं उतरवून एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत मोजली. गाभण दोघींच्या पोटाला हात लावून पाहिला. आत पाय हलले.

म्हाळसाबाई बांधावर उभी होती. पदर डोक्यावर ओढून म्हणाली, ‘मेंढरं मोजून झाली असतील तर घरच्या माणसाला बी मोजा.’

‘तू येकच हाईस. तुला काय मोजायचं?’

‘तुमी न्हाईत तर म्या बी अर्धीच हाय.’ ती हसली, मग तिनं त्याचा हात हातात घेतला आणि हसणं थांबलं. ‘हे काय? भोकं कशाची?’

‘मीठ खातंय टाकीतलं.’

‘मीठ असं खातंय व्हय? मी जलमभर मिठात हात घालायलेय, मला का न्हाई पडली?’

त्यानं हात काढून घेतला. ‘जेठात येतो की. मंग भरतेल.’

तिनं घोंगडी त्याच्या खांद्यावरून घेतली, हुंगली, नाक मुरडलं आणि ओढ्यावर नेऊन रिठ्यानं धुतली. दोघं तिला दोन टोकांनी धरून पिळत होते. ती म्हणाली, ‘पुढल्या बारीला हिच्यात परभणी नको.’

सकाळी अमावस्या. येडबानं ओढ्यातल्या चपट्या दगडांवर पाणी मारून ते साफ केले. दर अमावस्येला मेंढरांना त्याच दगडांवर मीठ मिळायचं. गेल्या दोन महिन्यांत नुसती चिमूटच मिळाली होती, म्हणून मेंढरं हपापलेली. मुंजाजीनं पोत्याचं तोंड सोडलं.

‘हळद तूच घातलीस?’ येडबानं विचारलं. त्याची नजर अधू झाली होती.

‘पैलेच पिवळं हाय आबा.’

येडबानं चिमूट जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली. ‘कडसर लागायलंय.’

‘लोखंडी टाकीतलं हाय. लोखंडाची चव आसंल.’

हे मुंजाजी बोलला. तो ते लपवत नाही. आजही ज्याला त्याला सांगतो, ‘बापानं थुंकलं आन् म्या चारलं.’

त्यानं स्वतःच्या हातानं दगडांवर मीठ पसरलं. भोरी पहिली आली. मग डोक्यांना डोकी लावून सगळी. खरबरीत जिभांचा आवाज ओढ्यात घुमत होता. लहान कोकरं आईला लुचत होती, त्यांना मिठाशी घेणं नव्हतं. एक लंगडी मेंढी उशिरा पोचली, तोवर दगड चाटूनपुसून लख्ख झाले होते. मुंजाजीला तिची कीव आली. त्यानं तिला बोटं चाटू दिली.

दुपारी मेंढरं पाण्यावरून हटेनात. पीत होती आणि पीत होती. येडबा म्हणाला, ‘मिठानं तहान लागती.’ मग त्यांच्या मागून पाण्यासारखं गळायला लागलं. मग त्यात रक्त आलं. तिसऱ्या प्रहराला भोरी गुडघ्यांवर बसली, तिनं हनुवटी जमिनीला टेकवली. म्हाळसाबाईनं गावातून मागून आणून ताक पाजलं. येडबानं तेल पाजलं. मुंजाजी एकीचं तोंड धरायचा, तोवर दुसरी पडायची. मेंढरू मरताना ओरडत नाही, साहेब. नुसते दात खातं. अडतीस मेंढरांतली अर्धी एका जागी दात खायला लागली, की तो आवाज कॉम्प्रेसरपेक्षा मोठा असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच उरली. चार कोकरं आणि ती लंगडी. गाभण दोघी पहिल्याच दिवशी गेल्या. एकीच्या पोटातलं बराच वेळ हलत होतं.

खड्डा खणायला दोन दिवस गेले. जमीन दगडी होती. येडबाच्या जिभेला फोड आले होते, त्याला बोलता येत नव्हतं. तो प्रत्येक मेंढी खड्ड्यात टाकायच्या आधी कान चाचपून पाहायचा, कुठली ते ओळखायचा आणि मान हलवायचा.

माती ओढून झाल्यावर म्हाळसाबाई खड्ड्याच्या काठावर बसली. कुदळ मांडीवर आडवी.

‘तुमाला ठावं व्हतं का?’

‘तुझी आन,’ मुंजाजी म्हणाला. ‘न्हाई.’

‘मला म्हाईत हाय तुमाला न्हवतं. ज्येनं द्येलं त्येला ठावं व्हतं का?’

‘मालकाला काय कळतंय त्यातलं?’

‘तितं कोनाला तरी कळत आसंल की. मशीन का आपोआप बसली?’

मुंजाजी हातांची माती झाडायला लागला.

‘ज्येला कळत व्हतं, त्येला इचारून या. ठावं व्हतं का न्हाई, एवढंच. मला मेंढरं नकोत, नुकसान नको. एवढं कळल्याबिगर म्या ह्या दगडांवर पुन्यांदा मीठ कसं ठिवू?’

तो परभणीला परत आला. भिंतीवरच्या रेघा त्यानं खिळ्यानं खोडल्या. खोडायला अर्धा दिवस गेला, कारण दत्तरावनं मधेच खिळा काढून घेतला आणि दोघं फळीवर नुसते बसून राहिले. व्यंकटराव म्हणाला, ‘साधं मीठ होतं रे. तूच जास्त चारलंस.’ दत्तरावनं कुणाकडून तरी तुमच्या हपिसाला पत्र लिहून घेतलं. मग दुसरं. मग तिसरं, पोच मागून. तिसऱ्याची पोच आली. कोणाची तरी वाकडी सही होती. उत्तर नव्हतं.

वर्ष गेलं. कोकरांपैकी एक कोल्ह्यानं नेलं. बाजारकऱ्याबरोबर आकडा येईनासा झाला. मुंजाजी डबे ओढायचा, लाद्या उचलायचा. घोंगडी फळीवर असायची, पण तो ती नाकाला लावत नव्हता.

मग या वैशाखात तुम्ही पुन्हा आलात. पट्टा पाहिलात, तेल पाहिलंत, टाकीपाशी आलात, हातमोजे चढवलेत, नवा डबा उघडलात. नारिंगी खडे मिठावर पडले. तुम्ही म्हणालात, ‘हलव.’

मुंजाजीनं फळी खाली ठेवली. तो गेला आणि त्यानं मशीन बंद केली. चार वर्षांत, नव्हे पाच वर्षांत, त्यानं दत्तरावला न विचारता मशीनला पहिल्यांदा हात लावला. पट्टा फटफट करत थांबला. कारखान्यात एवढी शांतता झाली की डब्यांवरून ओघळणारं पाणी ऐकू यायला लागलं.

त्यानं कमरेच्या फडक्यातून गेल्या सालचं मूठभर मीठ काढलं. ते अजून पिवळंच होतं. ओढ्यातला एक चपटा दगड त्यानं गावाहून आणून फळीखाली ठेवला होता, तो तुमच्या पुढ्यात मांडला आणि त्यावर ते मीठ पसरलं, जसं मेंढरांना पसरतात तसं.

‘साहेब,’ तो म्हणाला, ‘मालक म्हनतेत साधं मीठ हाय. चिमूटभर जिभेवर ठिवा. माझ्या म्हाताऱ्या बापानं ठिवलं व्हतं.’

व्यंकटराव ओरडला, ‘ए मुंज्या! डोकं फिरलं का?’

दत्तराव मधे उभा राहिला. ‘थांबा मालक. इचारू द्या त्येला.’

तुम्ही दोन पावलं मागं सरलात. टाकीच्या काठाला तुमची टाच लागली.

‘मागं सरू नका,’ मुंजाजी म्हणाला. ‘तुमच्या मागं सरन्यानं मला कळलं. पर मला घरी जाऊन तुमचं पाऊल सांगता येत न्हाई. बायकोला तोंडचा शबुद पायजे. ठावं व्हतं का तुमाला?’

तुम्ही हातमोजे काढलेत, आधी एक, मग दुसरा. आणि पुन्हा घड्याळात पाहिलंत. आपली पेटी उचललीत आणि दोन तास आधीच टेशनाकडं निघालात.

त्या दिवशी मुंजाजीला कामावरून काढलं, पण उत्तर घेतल्याशिवाय तो घरी गेलेला नाही. दत्तराव स्वतःच निघून गेला. बर्फ होत नाही म्हणून व्यंकटराव पुन्हा तार करायलाय, ऐकतो. करू द्या.

म्हाळसाबाई दर बाजाराला ताडकळसच्या फाट्यावर येऊन बसते. परभणीहून येणारी एस्टी थांबली की उठून उभी राहते. चपटे दगड ओढ्यात तसेच आहेत. चार जनावरं अमावस्येला तिथं जाऊन उभी राहतात, कोरडा दगड चाटतात आणि तिच्याकडं पाहतात. ती मीठ ठेवत नाही.

तोंडानं बोलवत नसेल तर लिहून द्या. अहवालाचा कागद चालेल. प्रेशर नको, तापमान नको. खाली सही मात्र वाचता येईल अशी करा.

आम्ही, मुंजाजीची माणसं, म्हणतो, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही काय म्हणता?

होय की नाही?